ड्रेसिंगवाली

कर्जतच्या बाजारपेठेत डॉक्टर हेमचंद्र टिपणीसांचा दवाखाना होता. तिथं ठमीनं बावीस वर्षं लोकांच्या जखमा बांधल्या.

ठमी पळसदरीच्या धरणामागं, डोंगराच्या पायाशी असलेल्या ठाकरांच्या वाडीतली. दवाखान्यात ती पहिल्यांदा आली ती पोरीला कडेवर घेऊन. प्रिया तेव्हा तीन वर्षांची होती आणि पेजेचं पातेलं तिच्या पायावर कलंडलं होतं. ठमीचा नवरा चांगो आदल्याच वर्षी तापानं गेला होता, त्यामुळं पोरीला आणणारं दुसरं कुणी नव्हतं. डॉक्टर भाजलेली कातडी सोडवत होते तेवढा वेळ ठमी पोरीच्या कानाशी बोलत राहिली. ओढ्यातला खेकडा, त्याचं बीळ, त्याचं नि बायकोचं भांडण, असं काहीतरी. पोर रडायची थांबून ऐकायला लागली. पंधरा दिवस रोज हेच चाललं. शेवटच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "झाडलोटीला बाई पाहिजे आहे. येशील का?"

दोन वर्षं तिनं झाडलोट केली. मग एकदा कंपाउंडर आजारी पडला आणि डॉक्टरांनी चिमटा तिच्या हातात दिला. "ओढायचं नाही. आधी भिजवायचं, मग सोडवायचं. आणि तुझं तोंड चालू राहू दे." एवढंच आपल्याला शिकवलं, असं ठमी सांगायची.

तिचा हात हलका होता. कोयता लागलेले, मोटरसायकलवरून पडलेले, साखरेच्या आजारानं पाय चिघळलेले, खोपोलीच्या कारखान्यात बोटं चेमटलेले, सगळे तिच्या पुढ्यातल्या स्टुलावर बसायचे. ती त्यांना गाव विचारायची, गुरं विचारायची, सुनेचं बाळंतपण कुठं झालं ते विचारायची, आणि हात आपलं काम करत राहायचे. पट्टी बांधून झाली की माणूस म्हणायचा, "झालं पन?" वाडीतले लोक तर दवाखान्यात जायच्याऐवजी संध्याकाळी तिच्या ओट्यावरच येऊन बसत. ती कंदिलाच्या, पुढं बल्बच्या उजेडात त्यांचं ड्रेसिंग करी. तिला सगळे ड्रेसिंगवालीच म्हणत.

डॉक्टर गेले ते एका दिवसात. सकाळी पेशंट तपासले, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मुलगा ओजस पुण्याहून आला आणि आईला, अनसूयाबाईंना, घेऊन गेला. दवाखान्याच्या जागेत मोबाइलचं दुकान लागलं. सरकारी दवाखान्यात ठमीनं विचारून पाहिलं. तिथं ड्रेसरच्या जागेला दहावी पास आणि सर्टिफिकेट लागत होतं. ठमी शाळेची पायरीही चढली नव्हती.

प्रियाचं लग्न होऊन ती पनवेलला गेली होती. तिचा फोन रविवारी यायचा. बाकी सहा दिवस ठमीच्या घरात बोलायला कुणी नव्हतं. रोज पंचवीस-तीस माणसांशी बोलायची सवय असलेल्या बाईच्या तोंडून आता दिवसभरात चार शब्द निघत नसत. अंगणात शिरलेल्या शेळीला हाकललं तर स्वतःचाच आवाज तिला परका वाटायचा.

असं वर्षभर गेलं. मग एका सकाळी वाडीतला दशरथ तिच्या दारात थांबला. दशरथ खोपोलीच्या अलीकडच्या एका कंपनीची बस चालवायचा.

"मावशे, आमच्या कंपनीत ड्रेसर पायजेल हायेत. गेटावर बोर्ड लावलाय."

"सर्टिफिकेट मागतील रं."

"नाय मागत. काम येतं का एवढंच इचारतात. तुला तर येतंच."

दशरथनं कंपनी कशाची ते सांगितलं नाही. सगळ्या वाडीला ते ठाऊक आहे असं त्याला वाटलं असावं. ठमीला वाटलं, मोठी कंपनी आहे, माणसांना लागत-खुपत असेल, दवाखाना ठेवला असेल. खोपोलीच्या कारखान्यांतली बोटं तिनं कमी बांधली नव्हती.

गेटावर विलास नावाचा सुपरवायझर होता. त्याच्या हातात दोन फोन होते आणि तो दोन्हींवर बोलत होता. मध्येच त्यानं ठमीकडं पाहिलं.

"ड्रेसिंग येतं का?"

"येतं, सायेब. बावीस वर्सं केलंय."

"बावीस?" त्यानं एक फोन बंद केला. "रक्ताबिक्ताची सवय आहे मग."

"रक्ताला काय भ्यायचं?"

"हात दाखवा." तिनं दाखवले. नखं कापलेली, बोटं स्वच्छ. विलासला ते आवडलं. "उभ्यानं काम आहे. बसायला मिळणार नाही."

"चालंल."

"उद्या सहाला बस. आधार कार्ड आणा."

त्या संध्याकाळी ठमीनं पत्र्याच्या पेटीतून डॉक्टरांनी दिलेली कात्री काढली, उकळत्या पाण्यात टाकली, पुसून स्वच्छ फडक्यात गुंडाळली. प्रियाला आपणहून फोन लावला. "मला ड्रेसिंगचं काम लागलं गं." प्रिया म्हणाली, "बरं झालं आई. तू घरात बसून खंगत होतीस."

दुसऱ्या दिवशी तिला पांढरा झगा मिळाला, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, पायात पांढरे गमबूट. औषधाच्या पाण्यात हात कोपरापर्यंत धुवायला लावले. ठमीला हे सगळं योग्य वाटलं. एवढी स्वच्छता डॉक्टरांनासुद्धा जमली नव्हती. मग पुढचं दार उघडलं आणि थंडगार हवा अंगावर आली. लांबलचक खोली होती. भिंतीतल्या एका खिडकीतून साखळी आत येत होती. साखळीला आकडे होते आणि प्रत्येक आकड्याला उलटी टांगलेली, पिसं काढलेली कोंबडी. दोन्ही बाजूंना झगे घातलेल्या बायका उभ्या होत्या.

ठमी दारातच थांबली. शेजारच्या बाईला तिनं विचारलं, "पेशंट कुठं बसतात?"

त्या बाईचं नाव भाग्यश्री. ती आधी ठमीकडं बघत राहिली, मग मास्कच्या आत एवढी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. दुपारपर्यंत ती गोष्ट सगळ्या लाइनीत झाली. ठमीला 'नर्सबाई' हे नाव पडलं ते कायमचं.

ती त्याच दिवशी निघून आली असती, पण बस तीनला सुटणार होती. गेट तोवर बंद. मग उभं राहण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून तिनं भाग्यश्रीचं बघून सुरी हातात घेतली. शेपटीपाशी छोटा काप द्यायचा, दोन बोटं आत घालायची, आतडी अलगद बाहेर ओढायची. कलेजी एका ट्रेमध्ये, बाकीचं खालच्या पन्हळीत. पित्ताची पिशवी फुटता कामा नये, फुटली तर मांस कडू होतं. नव्या बाया पहिल्या आठवड्यात दहातल्या चार तरी फोडायच्या. ठमीनं पहिल्या दिवशी एकही फोडली नाही.

तीन वाजता विलास म्हणाला, "उद्या याल ना?"

ठमीला घराचा ओटा आठवला, रिकामा. ती म्हणाली, "येते."

काम तिला जड गेलं नाही. जड गेला तो आवाज. मशिनं, पंखे, पाण्याचे फवारे यांच्या गोंगाटात शेजारच्या बाईचं बोलणंही ऐकू यायचं नाही. कानात घालायला रबरी बोंडं दिलेली होती. चाळीस बायका खांद्याला खांदा लावून उभ्या असायच्या आणि आठ तास एकही शब्द कुणाचा कुणापर्यंत पोचायचा नाही. बसमध्ये बसलं की सगळ्या दमून झोपत.

एक दिवस क्वालिटीच्या मॅडम लाइनीवरून फिरताना ठमीच्या मागं थांबल्या. श्रिया त्यांचं नाव. मॅडम कसली, तेवीस वर्षांची पोरगी, कर्जतची, मुंबईला शिकून आलेली. तिनं पाहिलं की ठमीचा मास्क सारखा हलतोय. ती जवळ वाकली, कानातलं बोंड काढलं.

ठमी समोरच्या कोंबडीला सांगत होती, "झालं हां, झालं. एवढंच. आता नाय दुखनार. कुठलं गं तुमचं गाव?"

श्रिया पुढं गेली. जेवणाच्या सुट्टीत मात्र डबा घेऊन ती कॅन्टीनच्या मागं, जिथं ठमी एकटी बसायची, तिथं आली. तिथून समोर बोरघाटाचा डोंगर दिसायचा.

"मावशी, बसू?"

"बसा की मॅडम."

"तुम्ही कोंबड्यांशी बोलता?"

ठमीला लाज वाटली. "सवय हाय. आधी दवाखान्यात होते. टिपणीस डॉक्टरांच्या."

"टिपणीसांच्या? माझ्या गुडघ्याला टाके पडले होते चौथीत, ते त्यांच्याकडेच. एक बाई होती तिथं..." श्रिया थांबली. "तुम्हीच का? तुम्ही मला विचारलं होतं, शाळेत डब्याला काय नेतेस."

"मंग काय नेत होतीस?"

"तूप-साखर-पोळी."

दोघी हसल्या. त्यानंतर श्रिया रोज तिथं येऊ लागली. तिलाही सोबत नव्हतीच. ऑफिसातले लोक तिला पोरकट समजत आणि लाइनीवरच्या बायका तिला भीत.

एकदा ठमीनं बरेच दिवस मनात असलेलं विचारलं. "मॅडम, एक सांग. जखम बांधायची तेपन ड्रेसिंग. हितं कोंबडी फाडायची तेपन ड्रेसिंग. इंग्रजीत सबुद कमी हायेत का?"

श्रिया हसली, पण तिलाही उत्तर माहीत नव्हतं. "ड्रेस म्हणजे कपडे, एवढंच आपण शिकतो."

"कपडे कुठं? हितं तर बिचारीची पिसंबी काढून घेतात."

श्रियानं फोन काढला. बराच वेळ वाचत बसली. डबा तसाच राहिला. मग म्हणाली, "मावशी, कपडे हा नंतरचा अर्थ आहे. शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. मूळ अर्थ सरळ करणं. वाकडं असेल ते ओळीत आणणं, तयार करणं. एनसीसीत आम्हाला 'दाहिने सज' म्हणायचे, की सगळ्यांनी रांग सरळ करायची. इंग्रजीत त्याला ड्रेसच म्हणतात. दगड घडवला तरी ड्रेस, केस विंचरले तरी ड्रेस, जखम साफ करून बांधली तरी ड्रेस. आणि जनावर मारल्यावर आतलं काढून, धुऊन, शिजवण्याजोगं केलं की तेही ड्रेस."

ठमीनं घास गिळला. "म्हंजे नीट करनं."

"काय?"

"आमी म्हनतो ना, भाजी नीट कर. केस नीट कर. डॉक्टरबी म्हनायचे, ठमे, याचा पाय नीट कर. तसंच."

श्रियानं फोनकडं पाहिलं, मग ठमीकडं. "हो. अगदी तेच. मला सुचलं नसतं."

त्या दिवशी ठमीला बरं वाटलं. काम तेच होतं, गोंगाटही तोच, पण आपण अगदीच भलतीकडं येऊन पडलो असं जे तिला वाटत होतं ते जरा कमी झालं. पण हे बरं वाटणं फार दिवस टिकलं नाही.

कंपनीत दर महिन्याला श्रिया बायकांना समोर बसवून सांगायची: कच्च्या कोंबडीवर जंतू असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला चीर असेल तर कामाला उभं राहू नका, घरी गेल्यावर हात धुतल्याशिवाय पोराबाळांना घेऊ नका. बायका जांभया देत. ठमी मात्र एकेक शब्द ऐकायची. जंतूंचं तिला डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं.

माघातल्या एका संध्याकाळी शेजारची अंबाबाई मुलाला घेऊन ओट्यावर आली. गजाच्या नडगीत कोयता घुसला होता. लाकडं तोडताना निसटला. फडकं रक्तानं भिजलं होतं.

"ठमे, बघ गं जरा."

ठमी उठली. पेटीकडं गेली, झाकण उघडलं, आणि आपल्या हातांकडं बघत उभी राहिली. थंड पाण्यानं बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. दिवसभर ते हात कोंबड्यांच्या पोटात होते. साबणानं धुतले होते, पण वास अजून होताच.

"मी नाय करनार," ती म्हणाली. "खोपोलीला न्या त्याला."

अंबाबाईला वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. "काय म्हनालीस?"

"माझे हात चांगले नायत आता. त्याला काय झालं तर? टाके लागतील. दशरथला सांग, गाडी काढील."

"अगं, याच्या बापाचा पाय तू बांधलास. याच्या बायकोचा बांधलास. आता कंपनीत गेलीस तर आमच्या जखमांची घान वाटाया लागली व्हय तुला?"

"तसं नाय गं अंबे..."

पण अंबाबाई निघाली होती. गजा तिच्या खांद्यावर भार टाकून लंगडत गेला. त्याला खोपोलीला पाच टाके पडले, पाय बरा झाला. ठमी दुसऱ्या दिवशी त्याला बघायला गेली तेव्हा अंबाबाई तिच्याशी बोलली नाही. चहा मात्र दिला, आणि तो प्यायला ठमीला जड गेलं.

कॅन्टीनमागं बसून तिनं हे श्रियाला सांगितलं. "बरोबर केलं ना मी?"

श्रिया म्हणाली, "मावशी, हात नीट धुऊन ग्लोव्हज घातले असते तर चाललं असतं. तुम्ही एवढ्या घाबरायला नको होतं. मी सांगते ते लाइनीवरच्या स्वच्छतेसाठी."

त्या आठवड्यात ठमीनं खोपोलीच्या मेडिकलमधून ग्लोव्हजचं खोकं आणलं. कापूस, गॉज, औषधाची बाटली, सगळं नवं आणलं. संध्याकाळी ओट्यावर दिवा लावून ती बसायची. समोरून वाट गेलेली. गुरं परतायची, बाया पाणी घेऊन जायच्या. कुणी म्हणे, "बसलीस व्हय?" ती म्हणे, "बसलेय." पण ओट्यावर कुणी चढलं नाही. वाडीत मुलं पडत होती, बायांना विळ्या लागत होत्या, पण जो तो आता दशरथकडं जाऊन गाडी विचारी. ठमी नाही म्हणते, हे एकदा पसरलं ते पसरलं. मी करते, या, असं दारोदार जाऊन सांगणं तिला जमलं नाही. फाल्गुन संपला तरी खोकं भरलेलंच होतं.

चैत्रात श्रियानं बातमी आणली. "मावशी, अनसूयाबाई टिपणीस परत आल्यात. दहिवलीला फ्लॅट घेतलाय भाड्यानं. एकट्याच राहतात. पायाला जखम झालीय म्हणे."

ठमीची सुट्टी गुरुवारी असे. त्या गुरुवारी ती दहिवलीला गेली. अनसूयाबाई दार उघडायला भिंतीच्या आधारानं आल्या. डॉक्टरांच्या घरात ठमीनं त्यांना नेहमी ताठ चालताना पाहिलं होतं.

"ठमे? अगं, किती दिवसांनी! ये, ये आत."

"बाई, पुन्याला बरं वाटंना का?"

"ओजस चांगला आहे, सून चांगली आहे. पण दिवसभर घरात कुणी नाही, आणि खाली उतरलं तर ओळखीचं कुणी नाही. इथं निदान भाजीवाला नावानं हाक मारतो." त्या खुर्चीत बसल्या आणि पाय स्टुलावर ठेवला. टाचेपाशी पट्टी होती, कडा पिवळ्या पडलेल्या. "साखर ना माझी. तीन महिने झाले, भरत नाही. सुप्रिया म्हणून एक नर्स चारला येते. पण ती कायम घाईत. तुझ्यासारखा हात कुणाचा नाही बघ. तूच सोड जरा ही पट्टी."

ठमीनं मोरीत जाऊन हात धुतले, पुन्हा धुतले, पिशवीतून ग्लोव्हज काढले. स्टुलासमोर जमिनीवर बसली.

"कुठल्या दवाखान्यात आहेस आता?" अनसूयाबाईंनी विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. ड्रेसिंगच करते, एवढं म्हटलं असतं तरी ते खोटं नव्हतं. पण ठमी म्हणाली, "दवाखान्यात नाय, बाई. कोंबड्यांच्या कंपनीत हाय. खोपोलीकडं."

"कोंबड्यांच्या? म्हणजे कापायच्या?"

"कापत नाय. आतलं काढायचं, नीट करायचं."

अनसूयाबाईंचा पाय स्टुलावरून हलला. हळूच, जणू अवघडला म्हणून. त्यांनी तो खाली घेतला आणि साडीचा काठ त्यावर ओढला.

"राहू दे मग," त्या म्हणाल्या. "सुप्रिया येईलच आता. उगाच तुला त्रास."

"मी हात धुतलेत, बाई. हे घातलंय."

"अगं, तुझं काही नाही गं. मलाच मेली भीती वाटते. ओजस म्हणतो, साखर असली की जरा कशानं पाय कापायची वेळ येते."

ठमीनं ग्लोव्हज काढले. तिला राग आला नाही, कारण गजाच्या वेळी तिनं स्वतःच हे म्हटलं होतं. फक्त उठायला तिला बराच वेळ लागला.

चारला सुप्रिया आली. कानात वायरी, हातात पिशवी. तिनं पट्टी भिजवली, सोडवली, चुकीचं काही केलं नाही. पण तोंडातून शब्द काढला नाही, आणि अनसूयाबाई खुर्चीचे हात घट्ट धरून डोळे मिटून बसल्या. कपाळावर घाम आला. ठमी खुर्चीमागं उभी होती. तिच्यानं राहवेना.

"बाई, तुमच्या म्हायेरी रेवदंड्याला आंब्याचं झाड होतं ना हिरीवर वाकलेलं? ते हाय का अजून?"

अनसूयाबाईंनी डोळे उघडले. "ते? ते कधीच पडलं. माझ्या भावानं पाडलं."

"कशापायी?"

"अगं, आंबे सगळे विहिरीत पडायचे. पोहणाऱ्या पोरांचीच चंगळ. एकदा काय झालं..."

ती गोष्ट संपली तेव्हा सुप्रिया पिशवी आवरत होती. जिन्यात ती ठमीला म्हणाली, "आज त्यांनी पाय झटकला नाही. तुम्ही कोण?"

"डॉक्टरांकडं होते आधी," ठमी म्हणाली.

मग दर गुरुवारी ती दहिवलीला जाऊ लागली. चारच्या आधी पोचायची, भाजी निवडून द्यायची, सुप्रिया आली की खुर्चीमागं उभी राहून बोलायची. पायाला तिनं कधी हात लावला नाही आणि अनसूयाबाईंनी कधी लावू दिला नाही. त्यावर दोघींत पुन्हा बोलणं निघालं नाही. एकदा अनसूयाबाई म्हणाल्या, "तुमच्या कंपनीची कोंबडी स्वच्छ असते म्हणे. येताना एक आणशील? किती दिवसांत रस्सा केला नाही." ठमीनं आणली. बाईंनी खोबरं भाजून, वाटण घालून रस्सा केला, दोन वाट्या खाल्ल्या आणि ठमीलाही बळेच वाढला. कोंबडी कुणाच्या हातची, हे त्यांच्या मनात आलं की नाही कोण जाणे. ठमीच्या मनात मात्र आलं. तिनं भाकरी मोडली आणि जेवली. रस्सा चांगला झाला होता.

घरी परतताना तिला वाटायचं, सात दिवसांतला हा एक दिवस तरी आहे. बाकीच्या सहा दिवसांत ती गुरुवारी काय बोलायचं ते साठवायची. लाइनीवर उभी असताना, मास्कच्या आत, तेच पुन्हा पुन्हा म्हणून बघायची.

जखम वैशाखाच्या शेवटी भरत आली. सुप्रिया एक दिवसाआड यायला लागली. आणि मग अनसूयाबाई न्हाणीघरात पडल्या. हाड मोडलं नाही, पण शेजाऱ्यांनी ओजसला फोन केला. त्या गुरुवारी ठमी पोचली तेव्हा खाली गाडी उभी होती आणि ओजस गादीची वळकटी टपावर बांधत होता.

"ठमीताई," तो म्हणाला, "आईला आता इथं एकटं ठेवणं बरोबर नाही. तुम्ही यायचात, ती सांगायची. फार बरं वाटायचं तिला."

अनसूयाबाई मागच्या सीटवर बसल्या होत्या. त्यांनी काच खाली केली. "ठमे, मी नाही म्हणत होते. पण हा ऐकत नाही."

"जावा बाई. तिथं नातवंडं हायेत."

"नातवंडं शाळेत असतात गं." त्यांनी हात बाहेर काढला. ठमीनं तो धरला. काही तरी बोलायला हवं होतं, एवढी वर्षं दुखणाऱ्या माणसांना बोलण्यात गुंतवलेल्या बाईला काही तरी सुचायला हवं होतं. पण सुचलं नाही. ओजसनं गाडी चालू केली आणि हात सुटला.

कॅन्टीनमागं श्रियानंही एक दिवस सांगितलं की तिला बंगळूरला नोकरी मिळाली आहे. ठमी म्हणाली, "चांगलं झालं, पोरी. जेवत जा तिकडं." श्रियानं फोन नंबर तिच्या मोबाइलमध्ये घालून दिला, नावासमोर आपला फोटो लावला, म्हणजे ठमीला वाचता आलं नाही तरी ओळखता येईल. ठमीनं दोनदा फोन केला. दोन्ही वेळा श्रिया कामात होती आणि मागाहून तिनं आपणहून फोन केला, पण तेव्हा ठमी लाइनीवर होती.

त्यानंतरच्या एका गुरुवारी ठमीला सवयीनं पाचलाच जाग आली. सुट्टी होती. तिनं अंगण झाडलं, सारवलं. घेवड्याच्या वेलाला काठी दिली. लुगडी धुऊन वाळत घातली. पेज शिजवली आणि खाल्ली. तरी आठही वाजले नव्हते. प्रियाचा फोन यायला अजून तीन दिवस होते.

वळणावर दशरथच्या बसचा हॉर्न ऐकू आला. सणाची ऑर्डर होती म्हणून आज दुसरी फेरी होती, उशिरा येणाऱ्या बायांसाठी. ठमी पायात चपला सरकवून वाटेवर आली. बस थांबली.

दशरथनं खिडकीतून डोकं काढलं. "मावशे, आज तुझा गुरुवार ना? सुट्टी हाय तुला."

"हाय."

"मंग?"

"घरी काय करू रं?"

दशरथनं दार उघडलं. ठमी चढली. भाग्यश्रीनं तिच्यासाठी खिडकीची जागा सोडली, डोकं मागं टेकलं आणि डोळे मिटले. बस धरणाच्या बांधावरून खोपोलीच्या रस्त्याला लागली.